पेशवाईचा कपडेपट

30 ऑगस्ट 1773 रोजी, गणपतीच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि तेव्हापासून बखरकारांनी, कादंबरीकारांनी व नाटककारांनी तो प्रसंग इतक्या परींनी रंगवला आहे की प्रत्येक मराठी माणसाच्या मनात त्याचे एक तयार चित्र असते. या चित्रात एक गंमत आहे. हौशी मंडळींच्या प्रयोगांत किंवा शाळांच्या स्नेहसंमेलनांत हा प्रसंग उभा राहतो तेव्हा रंगमंचावर धावत येणारा तरुण पेशवा बहुधा जरीच्या अंगरख्यात असतो, त्याच्या मस्तकावर मोत्यांचा तुरा लावलेली पगडी असते, गळ्यात कंठा आणि कमरेला शेला असतो. म्हणजे मसनदीवर बसून दरबार भरवण्यास जो सरंजाम लागेल तो सगळा अंगावर घेऊन तो बिचारा प्राणभयाने पळत असतो. वेळ दुपारची, जागा स्वतःच्या राहत्या वाड्यातली आणि वय अवघे 18 वर्षांचे. अशा वेळी आपल्याच घरात वावरणारा ब्राह्मण तरुण धोतर-उपरण्यापलीकडे अंगावर काय ठेवील, हा प्रश्न कपडे देणाऱ्याने स्वतःला विचारलेलाच नसतो. तो विचारला असता तर इतिहासाचे औचित्य साधले असतेच, शिवाय नाट्यही वाढले असते; कारण नागव्या तलवारींपुढून उघड्या अंगाने, सुटलेले उपरणे सावरीत चुलत्याच्या आश्रयाला धावणारा मुलगा जे कारुण्य उत्पन्न करील, ते किनखापाच्या दहा अंगरख्यांना उत्पन्न करता यावयाचे नाही.

ऐतिहासिक नाटकाच्या वेशभूषेचा विचार येथून सुरू व्हावा, असे मला वाटते. पोशाख कोणत्या शतकाचा हे पाहिलेच पाहिजे. पण त्याच्याही आधी तो कोणत्या घटकेचा, कोणासमोरचा आणि कोणत्या निमित्ताचा हे पाहिले पाहिजे. पेशवाईतल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचे एका दिवसात तीन-चार वेष सहज होत: स्नानसंध्या व पूजा यांना सोवळ्याचा मुकटा, भोजनासही सोवळेच, घरात साधे धोतर व उपरणे, आणि कचेरीला किंवा दरबाराला निघताना अंगरखा वा जामा, त्यावर शेला आणि मस्तकी पगडी. नाटककार संहितेत ‘वाड्यातील दिवाणखाना’ एवढे दोन शब्द लिहून मोकळा होतो आणि पात्रे बोलू लागतात. वेशभूषाकाराला मात्र प्रवेशवार यादी मांडून प्रत्येक पात्रापुढे वेळ कोणती, तो कोठून आला, कोठे जाणार आहे आणि समोर त्याचा धनी आहे की चाकर, याची एखाद्या जुन्या फडणिसाच्या काटेकोरपणाने रुजवात घालावी लागते. ही यादी नीट झाली म्हणजे निम्मे काम झाले. कापडाचे दुकान त्यानंतर.

जुन्या नाटकमंडळ्यांत या खात्याला कपडेपट म्हणत, आणि रंगपटाइतकाच त्यालाही मान असे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा कपडेपटापुढे काळाचा प्रश्न नव्हता, कारण देव, दानव आणि पुराणांतले राजे यांना शतक नसते. त्यांना शोभा असली म्हणजे पुरते. पुढे विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक 1861 साली अवतरले आणि परिस्थिती पालटली. पेशवाई बुडून तेव्हा 43 वर्षे झाली होती. दुसऱ्या बाजीरावाचा अंमल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसे पुण्यात हयात असताना पेशव्यांचा पोशाख रंगमंचावर दाखवायचा, म्हणजे साक्षीदार समोर बसवून जबानी देण्यासारखे होते. चुकीची पगडी तेव्हा खपली नसती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ 1909 साली आले तोवर ते साक्षीदार निघून गेले होते. त्यांची जागा तसबिरींनी, छापील चित्रांनी आणि आधीच्या नाटकांच्या स्मृतीने घेतली होती, आणि येथूनच कपडेपट इतिहासाऐवजी स्वतःचीच नक्कल करू लागला.

संगीत नाटकाच्या वैभवकाळाने या प्रवृत्तीत आणखी एक भर घातली. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत वस्त्रांवर हात आखडून खर्च करण्याची रीत नव्हती. उंची शालू, पैठण्या, अस्सल जर यांचा तेथे थाट असे, आणि बालगंधर्वांच्या लुगड्यांची, खोप्याची व दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, असे त्या काळच्या आठवणींतून वाचावयास मिळते. रंगभूमीने समाजाला वस्त्राभिरुची शिकवावी, हे भाग्य थोड्याच देशांच्या वाट्याला आले असेल. तथापि त्या थाटाचा एक अनिष्ट वारसा असा की भारी म्हणजे सुंदर आणि सुंदर म्हणजे ऐतिहासिक, अशी एक समजूत मागे उरली. ज्यांना अस्सल जर परवडत नव्हती त्या मंडळींनी चकचकीत साटिन आणि टिकल्यांची मखमल आणली, भाड्याने कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्यांनी ती पेट्यांत भरून ठेवली, आणि ‘एक पेशवा, दोन सरदार, चार मावळे’ अशा मागणीप्रमाणे ती गावोगाव जाऊ लागली. त्या पेट्यांतून निघणारा पेशवा कोणता, पहिला बाजीराव की सवाई माधवराव, याची विचारपूस करण्याचा शिरस्ता नाही. दोघांमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला, एक घोड्यावर बसून आयुष्य काढणारा आणि दुसरा वाड्यात वाढलेला अल्पवयीन धनी, हे पेटीला ठाऊक नसते.

मग खरे कोठे शोधावे? साधने आहेत, परंतु प्रत्येकाला आपापला पूर्वग्रह आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स 1791 साली मुंबईस उतरला, पुढे पुण्यास आला आणि सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे त्याने समोर बसून काढली. तलम पांढऱ्या वस्त्रांतला कृश, उंच नाना आणि त्याच्याजवळ रत्नमोत्यांनी मढलेला तरुण पेशवा यांच्याकडे पाहिले की पेशवाईचा दरबार रंगांच्या गोंधळाने नव्हे, शुभ्रतेने नटलेला होता, हे ध्यानात येते. रंग आणि जर काठाला, शेल्याला, पागोट्याला. पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने 1790 साली पेशव्यांशी केलेल्या तहाचा दरबार दाखवणारे थॉमस डॅनियलचे भव्य तैलचित्रही प्रसिद्ध आहे. परंतु ते 1805 साली पुरे झाले, डॅनियल त्या दरबारात हजर नव्हता, आणि ज्या वेल्सच्या रेखाटनांवरून त्याने ते रंगवले तो वेल्सही तह झाल्यानंतर भारतात आला होता. म्हणजे आपण ज्याला प्रत्यक्ष साक्ष समजतो ती एका अर्थी ऐतिहासिक नाटकाचाच एक सुरेख प्रवेश आहे, व्यक्तिचित्रांच्या आधाराने मागाहून रचलेला. वाईचा मोतीबाग आणि मेणवलीचा नानांचा वाडा येथील भित्तिचित्रांतून याहून मोकळी, चालती-बोलती माणसे दिसतात. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 पासून प्रसिद्ध झाले, त्यांत आणि इतर छापील दफ्तरांत देण्याघेण्याच्या वस्त्रांच्या याद्या चाळावयास मिळतात.

संग्रहालयांतल्या वस्त्रांविषयी मात्र सावध असावे. टिकून राहते ते बहुधा लग्नाचे, दरबाराचे, मानाचे वस्त्र, कारण ते क्वचित नेसले जाते आणि जपून ठेवले जाते. रोजचे सुती धोतर धुऊन धुऊन विरते, मग त्याचे पोतेरे होते, आणि पोतेऱ्याला काचेच्या कपाटात जागा मिळत नाही. त्यामुळे अठराव्या शतकातील माणसे सदैव किनखाप पांघरून बसत, असा ग्रह तेथे फिरणाऱ्याचा सहज व्हावा. चित्रांचेही तेच आहे. चित्रकारापुढे कोणी घरच्या पंच्यात बसत नसे.

प्रेक्षकाच्या मनातले चित्र हे तर सर्वांत हट्टी साधन. 1933 साली वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले, तोपर्यंत महाराजांचे म्हणून जे चित्र महाराष्ट्रात प्रचलित होते ते इब्राहिमखान नावाच्या निराळ्याच पुरुषाचे होते. आणि तरीही त्यापूर्वीच्या पिढ्यांनी त्या चित्रापुढे तितक्याच निष्ठेने हात जोडले. सतराव्या शतकातील डच संग्रहांतून जी चित्रे आज उपलब्ध आहेत त्यांत महाराजांच्या मस्तकी दख्खनी-मुघल धाटणीचे, पट्टीने आवळलेले पागोटे व त्यावर तुरा आहे, अंगात जामा आहे आणि कमरेला शेला आहे. रंगभूमीने, चित्रपटाने आणि दिनदर्शिकांनी रूढ केलेला जिरेटोप आपल्या मनात इतका घट्ट बसला आहे की डच चित्रातले पागोटे घालून नट रंगमंचावर आला तर पहिली दहा मिनिटे प्रेक्षक महाराजांना ओळखायचे नाहीत. या ठिकाणी वेशभूषाकाराने काय करावे? माझे मत असे की पहिल्या प्रवेशात हट्ट धरू नये. नटाने बोलावे, वावरावे, आपली ओळख पटवावी, आणि नाटक घरात शिरले की पागोटे आणावे. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (1962) हे नाटक तर बोलूनचालून बापलेकांच्या दुराव्याचे. ज्या नाटकाचे सगळे दुःख घरातले आहे, त्यात शिवाजी महाराजांना प्रत्येक प्रवेशात स्वारीच्या पोशाखात उभे करणे म्हणजे नाटककाराच्या मूळ हेतूवरच बोळा फिरवणे होय.

आता शिवणकामाकडे वळू, कारण खरी कसोटी तेथेच आहे. कापडाच्या बाबतीत तडजोड करावी, बेतण्याच्या बाबतीत करू नये, हे या धंद्यातले माझ्या मते पहिले सूत्र. ढाक्याची मलमल आज आणता येत नाही, पैठणच्या अस्सल जरीचा भाव ऐकून नाटकमंडळीचा खजिनदार मूर्च्छा येऊन पडेल, आणि औरंगाबादच्या हिमरूऐवजी यंत्रावर विणलेले बुट्टेदार कापड चौथ्या रांगेपासून पुढे कोणालाही ओळखू यायचे नाही. पण अंगरखा आजच्या सदऱ्यासारखा बेतला तर तो शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो. जुन्या अंगरख्याच्या बगलेत चौकोनी तुकडा, चौबगला, घातलेला असे, त्यामुळे हात डोक्यावर गेला तरी अंगावरचे वस्त्र जागचे हलत नसे. आजच्या पद्धतीने खांद्यावर गोल कापून बाही जोडली की तलवार उपसताच सगळा अंगरखा कमरेतून वर चढतो आणि वीरश्रीच्या ऐन क्षणी आतल्या विजारीची नाडी दिसू लागते. जाम्याचा घेर कमरेपाशी बारीक चुण्यांनी जोडलेला असला पाहिजे, कारण बसताना तो भोवती पसरतो आणि बसलेल्या माणसाला जी भारदस्त बैठक देतो ती त्या चुण्यांची कमाई असते. बाराबंदीला बंदच हवेत. आत हूक लावून प्रवेशाची घाई सांभाळण्यास माझी हरकत नाही. बाहेरून मात्र गाठ दिसली पाहिजे, आणि नटाला ती खरोखर बांधता-सोडता आली पाहिजे.

बंद कोणत्या बाजूला, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. समोरून पदर एकावर एक येणारा जामा हिंदू डाव्या बगलेखाली बांधीत आणि मुसलमान उजव्या, असा संकेत मुघल अमदानीत रूढ झाला होता, आणि जुन्या चित्रांतील अनोळखी पुरुष हिंदू की मुसलमान हे ठरवताना अभ्यासक आजही आधी तेथे नजर टाकतात. नाटकात ज्या दरबारात दोन्ही धर्मांचे सरदार शेजारी शेजारी बसतात तेथे हा एवढासा फरक पाळला तर दाढी आणि टोपी यांचे जे ढोबळ, कधी कधी अशोभनीय ओझे आपण मुसलमान पात्रांवर लादतो त्याची गरज कमी होईल. दख्खनेतला मराठा सरदार आणि आदिलशाही सरदार पोशाखात एकमेकांच्या फार जवळ होते. त्यांच्यातले वैर किंवा मैत्री हे राजकारण होते, आणि ते कपड्याच्या रंगात वाटून दिले की नाटक बालबोध होऊन जाते.

मस्तकाविषयी तर स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल. पागोटे हे लांब वस्त्र डोक्यावर दर वेळी गुंडाळायचे. पगडी ही साच्यावर बांधून, शिवून तयार केलेली, उचलून घालावयाची. जरीचे तलम पागोटे म्हणजे मंदील. शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरी वेगळी, आणि आज सत्कारसमारंभांतून दिसणारी पुणेरी पगडी, जिला 2009 साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही मिळाली, ती आणखी वेगळी. तीच सतराव्या शतकातल्या रायगडावरच्या मंत्र्यांना घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण प्रकार जाणण्यापेक्षा पगडीशी असलेला व्यवहार जाणणे अधिक मोलाचे आहे. चारचौघांत बोडके येणे हे अशुभाचे किंवा शोकाचे चिन्ह होते. दुसऱ्याची पगडी उडवणे हा जिवावर बेतणारा अपमान होता. आणि स्वतःची पगडी दुसऱ्याच्या पायांवर ठेवणे ही शेवटची याचना होती. असे असता तालमींत नट पगडी काढून घाम पुसतो आणि प्रयोगातही सवयीने तेच करतो. मग पगडीखाली काय आहे हाही प्रश्न उभा राहतो, कारण पेशवाईतल्या ब्राह्मणाच्या डोक्यावर शेंडी व तिचा घेरा असे, बाकी डोके भादरलेले असे. त्यासाठी रंगभूषाकाराशी आधीच सल्लामसलत हवी, नाहीतर आजच्या केशकर्तनालयातली वळणे पगडीबरोबर उजेडात येतात.

स्त्रियांच्या वेषात चूक करणे त्याहून सोपे आणि लपवणे त्याहून कठीण. नऊवारी लुगड्याचा कासोटा, निऱ्या, ओचा आणि पदर ही केवळ नेसण्याची रीत नाही. त्यातून चाल घडते, बसणे घडते, ओच्यात काही घेणे, पदर कमरेला खोचून कामास लागणे, मोठी माणसे समोर येताच तो डोक्यावर ओढणे, अशी अभिनयाची सगळी भाषा त्यातून निघते. हल्ली शिवून तयार नऊवारी मिळते. ती दोन मिनिटांत अंगावर चढते, निऱ्या ढळत नाहीत, आणि तिच्यात पदर खोचला काय, न खोचला काय, काहीच बदलत नाही. दोन प्रवेशांत तीन वेष बदलणाऱ्या दासीला ती द्यावी. आनंदीबाईची भूमिका करणाऱ्या नटीला मात्र खरे लुगडे देऊन तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून तेच नेसावयास लावावे. चोळी पुढे गाठ मारावयाची, खणाची किंवा रेशमी. पाठीवर हूक असलेल्या पोलक्याने अठरावे शतक क्षणात विसावे होते.

विधवेच्या वेषाची चूक तर आता इतकी रूढ झाली आहे की ती चूक आहे असे सांगणाराच चुकलेला ठरतो. चित्रपटांनी विधवा म्हणजे पांढरे वस्त्र हे समीकरण सर्वत्र नेले. परंतु महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन झालेली सोवळी स्त्री तांबडे आलवण नेसत असे, आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते पाहिलेले आहे. अडचण अशी की आजच्या प्रेक्षकाला तांबडा रंग सौभाग्याचा वाटतो. तरीही मी पांढऱ्याला संमती देणार नाही. विटलेल्या तांबड्या रंगाचे, काठ-पदर नसलेले, जाडेभरडे लुगडे भादरलेल्या मस्तकावरून कपाळापर्यंत ओढलेले असले, अंगात चोळी नसल्याचे सूचित झाले आणि हात, गळा, कान, नाक मोकळे असले, तर प्रेक्षकाचा गोंधळ अर्ध्या मिनिटाहून अधिक टिकत नाही; आणि तो मिटल्यावर त्याला जो धक्का बसतो तो पांढऱ्या वस्त्राने कधीच बसला नसता.

रंगाचे गणित दिव्यांवाचून सुटत नाही. इंग्लंडात विल्यम पर्किन याने 1856 साली कृत्रिम जांभळा रंग शोधून काढला, तोपर्यंत कापडाला जे रंग मिळत ते निळीचे, मंजिष्ठाचे, आलाचे, लाखेचे, हळदीचे, कुसुंब्याचे, डाळिंबाच्या सालीचे; ते गडद असत, प्रसन्न असत, पण आजच्या गुलाबी-जांभळ्यासारखे किंचाळत नसत. म्हणून कापड निवडताना 1856 पूर्वी हा रंग कशातून निघाला असता, असे मनाशी विचारण्याची सवय लावून घ्यावी. तेलाच्या दिव्यांच्या आणि पुढे ग्यासबत्तीच्या पिवळट, हलत्या उजेडात जर जिवंत दिसे. विजेच्या प्रखर, स्थिर झोतात तीच जर, आणि विशेषतः तिचे प्लास्टिकचे सोंग, डोळ्यांत टोचते. पिवळ्या झोताखाली निळा मलूल पडतो, हिरव्या झोताखाली तांबडा काळवंडतो. पांढऱ्याचे दुखणे उलटे: तो इतका उजळतो की त्यातला चेहरा काळोखात जातो, आणि पेशव्यांचा दरबार तर पांढऱ्याचाच. यावर कपडेपटाचा जुना तोडगा म्हणजे पांढरे कापड चहाच्या पाण्यातून काढणे. रंगमंचावर ते पांढरेच दिसते, आणि दहा जणांना निरनिराळ्या कडकपणाचा चहा पाजला तर श्रीमंतापासून शागिर्दापर्यंत शुभ्रतेच्या पायऱ्याही आपोआप लागतात.

दोन गोष्टी जाता जाता. अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगी (1659) महाराजांना वरून चिलखत चढवून उभे करणारे दिग्दर्शक त्या प्रसंगाचा प्राणच घेतात. बखरीप्रमाणे चिलखत आत होते, मस्तकावरचे लोखंडी संरक्षण पागोट्याखाली झाकले होते, आणि ते दिसत नव्हते म्हणूनच पुढचे घडले. चिलखत दिसावयाचे असेल तेथे जाड सुताचे विणकाम करून त्यावर रुपेरी रंग द्यावा. पत्रा वाजतो आणि संवाद बुडवतो. दुसरी गोष्ट इंग्रजांची. 1773 च्या सुमारास पुण्यात आलेला इंग्रज वकील थॉमस मॉस्टिन याला आमच्या रंगभूमीवर खाकी कपडे व सोला हॅट मिळते, म्हणजे अठराव्या शतकाच्या माणसाला एकोणिसाव्या शतकातील शिकारी कलेक्टराचा वेष. त्याला लांब पल्ल्याचा कोट, गुडघ्याशी संपणारी विजार, पांढरे पायमोजे, मागे बांधलेले केस आणि तिकोनी टोपी द्यावी. पायताण कोणाचेही असो, बैठकीवर येणारा ते बाहेर ठेवून येतो.

या सगळ्या काटेकोरपणाला एक जबरदस्त प्रत्युत्तर 1972 साली पुण्यातच मिळाले. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी पुणेरी ब्राह्मणांची एक हलती, गाती, नाचती भिंत उभी केली, पाठ फिरवली की पडदा, तोंड वळवले की समाज. तिथे सुट्या सुट्या व्यक्तींच्या अंगरख्यांना अर्थच नव्हता. सर्वांचा वेष एका धाटणीचा होता, आणि त्या एकसारखेपणातूनच झुंडीचा क्रूर चेहरा प्रकट होई. इतिहासाचे प्रदर्शन मांडण्याचा त्या नाटकाचा दावा नव्हता, हे लेखकाने स्पष्ट केले होते. तरीही त्यातील मोहन आगाशे यांचा नाना वेल्सच्या चित्रातल्या नानापेक्षा अधिक लोकांच्या मनात घर करून राहिला आहे. मग पुराव्यांची एवढी मेहनत फुकट म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. धोतराची आणि उपरण्याची खरी रीत त्या भिंतीला अवगत होती, म्हणूनच तिला ती मोडून त्यातून नाच काढता आला. उलट टोकाला बाबासाहेब पुरंदऱ्यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य. हत्ती-घोड्यांसह मैदानावर होणाऱ्या त्या खेळात प्रेक्षक इतका दूर असतो की चौबगला आणि बंद त्याला दिसणे अशक्य. तेथे रंगांचे मोठे समूह आणि आकारांची बाह्यरेषा यांनीच बोलावे लागते.

बहुतेक मंडळ्यांची गाठ मात्र मैदानाशी पडत नाही. ती पडते पाच-सहाशे खुर्च्यांच्या नाट्यगृहाशी आणि तुटपुंज्या रकमेशी. अशा वेळी पैसा कोठे घालावा? माझ्याकडून विचाराल तर पहिला खर्च पगड्या-पागोट्यांवर, कारण प्रेक्षक नटाच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि पगडी चेहऱ्याला चिकटलेली असते. दुसरा, चांगल्या सुती लुगड्यांवर व धोतरांवर. ती आधी दहा वेळा धुऊन मऊ करून घ्यावीत, म्हणजे अंगावर पडतात, फुगत नाहीत. तिसरा, तालमीच्या कपड्यांवर, म्हणजे जुन्यापान्या कापडाचे का होईना पण त्याच बेताचे जामे पहिल्या महिन्यातच शिवून द्यावेत. रंगीत तालमीला नट प्रथमच घेरात पाय अडकून पडला तर तो दोष नटाचा नाही. प्रयोग संपल्यावर घामाचे अंगरखे ओलेच पेटीत कोंबू नयेत, जरीचे वस्त्र घडीत मलमल घालून ठेवावे, आणि वर्षातून एकदा सगळा कपडेपट उन्हात काढून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पुन्हा बांधावा. मोती, पाचू आणि कंठे मात्र खुशाल खोटे आणावेत, भुलेश्वरात ढिगाने मिळतात. फक्त ते नारायणरावाच्या गळ्यात त्या दुपारी घालू नयेत.